बॉम जिझस बॅसिलिका : जुन्या गोव्यातील जांभ्या दगडाचे महामंदिर

दरवर्षी २४ नोव्हेंबर उजाडला की जुन्या गोव्याच्या दिशेने भाविकांची पावले वळू लागतात. त्या दिवशी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनेस आरंभ होतो आणि ३ डिसेंबरला त्यांचा सण साजरा होतो. कोणी रेल्वेने येतो, कोणी धर्मग्रामातून काढलेल्या बसने, तर कोणी अनेक दिवसांची पायी वाट तुडवीत येतो. देहू-आळंदीच्या पालख्यांचे प्रस्थान दरवर्षी पाहणाऱ्या आपल्या पुणे जिल्ह्यातील लोकांना पायी यात्रेचे मोल वेगळे सांगावयास नको. या गर्दीत केवळ ख्रिस्ती लोक असतात असेही नाही. गोव्यातील आणि शेजारच्या प्रांतांतील हिंदू बांधवही आपापले नवस घेऊन त्यात सामील होतात. कोकणी भाषेत या संतांना लाभलेले ‘गोंयचो सायब’ हे नाव सर्वांच्याच तोंडी असते.

परंतु यात्रेकरूंचा बहुतेक वेळ रांगेत जातो. चांदीच्या पेटीचे दर्शन घडले, मेणबत्ती लावली, मिस्साबलिदानात भाग घेतला की परतीची घाई सुरू होते. ज्या मंदिराच्या छपराखाली आपण उभे होतो ते कोणी बांधले, कशासाठी बांधले, त्याच्या दगडांचा आणि वेद्यांचा अर्थ काय, हे विचारायचे राहूनच जाते. शिवाय या मंदिराच्या भिंतींपुढे आज एक गंभीर प्रश्न उभा आहे आणि त्याची माहिती प्रत्येक भाविकाला असणे आवश्यक आहे. या लेखात त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले आहे.

एका नगराचा उदय आणि अस्त

मांडवी नदीच्या काठी वसलेले हे नगर पोर्तुगीज येण्यापूर्वीही नांदते होते. त्या वेळी ते विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे संत कॅथरिन हिच्या सणाच्या दिवशी, अफोन्सो द अल्बुकर्क याने ते जिंकले. पुढे पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज वसाहतींची ती राजधानी झाली. व्यापार वाढला, वस्ती वाढली आणि निरनिराळ्या धर्मसंघांनी आपापली मंदिरे व मठ उभारले. से कॅथीड्रल, संत फ्रान्सिस असिसी यांचे मंदिर, टेकडीवरील संत ऑगस्टीन यांचे मंदिर आणि संत काजेतान यांचे घुमटाकार मंदिर ही सारी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

या वैभवाला काळी किनारही होती. १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड वगळता, या नगरात इन्क्विझिशनचे न्यायासन होते. धर्माच्या नावाने झालेल्या त्या छळाचा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली. जुन्या गोव्यास जाणाऱ्या यात्रेकरूने ती प्रार्थनाही मनात ठेवावी.

पुढे पटकी आणि हिवताप यांच्या साथींनी हे नगर पोखरले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीच्या बाजूस हलविले आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. ओस पडलेल्या घरांचे दगड लोकांनी इतरत्र नेले. रस्ते झाडोऱ्यात बुडाले. राहिली ती मंदिरे आणि मंदिरांना जिवंत ठेवणारे यात्रेकरू.

पायाभरणी आणि अभिषेक

‘बॉम जिझस’ म्हणजे भला, दयाळू येशू. हे मंदिर बाळ येशूला समर्पित आहे आणि त्याची मालकी आरंभी येशूसंघाकडे होती. येशूसंघीय धर्मगुरूंचे निवासस्थान, ज्याला ‘काझा प्रोफेसा’ म्हणतात, ते १५८९ च्या सुमारास येथे बांधून झाले होते. त्याला लागूनच मंदिराची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली. आज नोव्हेना ज्या तारखेला सुरू होते तीच ही तारीख. अकरा वर्षांनी, १५ मे १६०५ रोजी, गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी मंदिराचा अभिषेक केला. गायनकक्ष पेलणाऱ्या खांबांवर पायाभरणीची आणि अभिषेकाची नोंद पोर्तुगीज व लॅटिन भाषांत कोरलेली आहे. आत शिरताच वर पाहण्यापूर्वी या खांबांकडे पाहावे.

बांधकामासाठी लागलेला पैसा मुख्यतः दोम जेरोनिमो मास्कारेन्यस या कोचीच्या कप्तानाच्या मृत्युपत्रातून आला. मंदिराचे श्रेय येशूसंघातील बंधू दोमिंगोस फर्नांडिस आणि स्थापत्यविशारद जुलियो सिमांव यांना दिले जाते. ज्या गोमंतकीय पाथरवटांनी, सुतारांनी आणि सोनारांनी प्रत्यक्ष हात चालविला त्यांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मंदिराचा अभिषेक झाला त्या वेळी येशूसंघाचे धर्मगुरू थॉमस स्टीफन्स गोव्यातच सेवा करीत होते. मराठीत ओवीबद्ध रचलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. बॉम जिझसचे सोनेरी वेदीकाम आणि ख्रिस्तपुराणाची मराठी ही दोन्ही एकाच पिढीची, एकाच संघाची आणि एकाच भूमीची निर्मिती आहेत.

दोन दगडांची गोष्ट

मंदिरासमोर उभे राहिल्यावर दोन रंग दिसतात. भिंतींचा तांबूस-तपकिरी रंग जांभ्या दगडाचा आहे, तर खांब, चौकटी, कंगोरे आणि कोरीव पट्टे यांचा करडा-काळा रंग बेसाल्टचा.

जांभा हा कोकण-गोव्याच्या मातीतलाच दगड. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्याचे इंग्रजी नाव लॅटराइट हे वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. विटेसारखे चिरे पाडावेत आणि भिंत उभी करावी, याच कामाला तो योग्य. पण तो सच्छिद्र आणि भरड असल्यामुळे त्यावर नाजूक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी बेसाल्ट दगड समुद्रमार्गे वसईहून आणला गेला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि तेथील दगड गोव्यातील अनेक इमारतींत वापरला गेला.

हा वसईचा दगड आपल्याला परका नाही. सह्याद्रीच्या पोटातून लाव्हारसाचे जे थर बाहेर पडले आणि थिजले त्यांचाच तो एक तुकडा. ज्या कातळात जुन्नरच्या डोंगरांतली लेणी कोरली गेली, ज्या कातळावर शिवनेरी उभा आहे, त्याच दख्खनच्या कातळाचे भाऊबंद बॉम जिझसच्या दारांवर उभे आहेत. गोव्याचा जांभा आणि महाराष्ट्राचा काळा पाषाण यांचा हा मेळ आहे.

दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. तो सुमारे ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद आहे. तळमजल्यावर तीन दारे, त्यांवर तीन मोठ्या खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षे आणि सर्वांत वर चौकोनी शिखरपट्टी अशी त्याची रचना आहे. शिखरपट्टीवर देवदूतांच्या मध्ये ‘आय. एच. एस.’ ही येशूच्या पवित्र नामाची तीन अक्षरे कोरलेली आहेत. हीच येशूसंघाची मुद्रा. थराथरांतून डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि संमिश्र अशा ग्रीक-रोमन स्तंभशैली एकत्र आल्या आहेत. समोरच्या बाजूस मनोरे नाहीत. घंटाघर मागच्या बाजूस आहे. त्यामुळे सारे लक्ष त्या तीन अक्षरांकडे ओढले जाते.

आत शिरल्यावर

मंदिर सुमारे १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद आणि ६१ फूट उंच असून त्याचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. शेजारच्या से कॅथीड्रलमध्ये मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि बाजूची दालने आहेत. येथे तसे काही नाही. सारा एकच प्रशस्त दिवाणखाना आहे. यामागे विचार आहे. ट्रेंट येथील धर्मसभा १५६३ साली संपली आणि प्रवचनाला नवे महत्त्व आले. प्रत्येक भाविकाला वेदी दिसावी आणि धर्मगुरूचा शब्द ऐकू यावा, मध्ये खांब येऊ नये, अशी मंदिरे येशूसंघाने बांधण्यास सुरुवात केली. १५८४ साली अभिषेक झालेले रोममधील ‘जेझू’ मंदिर हे त्यांचे मातृमंदिर. बॉम जिझस त्याच कुळातील आहे.

म्हणूनच प्रवचनपीठ वेदीजवळ नसून उजवीकडील भिंतीवर, दालनाच्या मध्यावर आहे. त्यावर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार आणि ख्रिस्तसभेचे चार आचार्य यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्याच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे डावीकडे, दाते मास्कारेन्यस यांचे स्मारक आहे. दात्याचे स्मारक प्रवचनपीठासमोर असावे, यातही एक बोध घेता येतो. ज्याने मंदिर बांधून दिले त्यालाही देवाचा शब्द ऐकणाऱ्यांतच जागा मिळाली.

प्रमुख वेदी सोन्याच्या मुलाम्याने झळाळते. तिची मांडणी खालून वर वाचावयाची आहे. सर्वांत खाली लहानशी बाळ येशूची मूर्ती, तिच्या वर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती, त्यांची दृष्टी वर येशूनामाच्या तेजोवलयाकडे लागलेली आणि सर्वांत वर पवित्र त्रैक्य. मूर्ती संताची मोठी आणि बाळ येशूची छोटी का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. संत स्वतःकडे पाहावयास सांगत नाहीत. ते ज्याच्याकडे पाहत आहेत त्याच्याकडे आपली नजर नेतात. वेदी बांधणाऱ्यांनी हे उपदेश न करता दाखविले आहे. प्रमुख वेदीच्या दोन्ही बाजूंना आशेची माता मरिया आणि संत मायकल यांच्या वेद्या आहेत. डाव्या बाहूत ख्रिस्तशरीराच्या आराधनेची जागा आहे. समाधीकडे जाणारी गर्दी तिकडे क्वचितच वळते. भाविकांनी आपले पहिले गुडघे तेथे टेकावेत.

संतांचा देह येथे कसा आला

उजव्या बाहूत संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. स्पेनमधील नवारा प्रांतात ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मलेले फ्रान्सिस ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. पुढील दहा वर्षे ते भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान असा प्रवास करीत राहिले. आपल्या वसईलाही ते येऊन गेले होते. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असता ३ डिसेंबर १५५२ रोजी सान्सियन बेटावर त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६ वर्षांचे.

देह लवकर झिजावा आणि अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना घालण्यात आला होता. परंतु काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा आढळला. तो प्रथम मलाक्कास आणि तेथून १६ मार्च १५५४ रोजी गोव्यास आणण्यात आला. त्या वेळी बॉम जिझस मंदिर अस्तित्वातच नव्हते. देह संत पॉल महाविद्यालयात ठेवण्यात आला. १६१४ साली येशूसंघाच्या प्रमुखांच्या आज्ञेवरून उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला नेण्यात आला. तो आज जेझू मंदिरात आहे. १६१९ साली फ्रान्सिस यांना धन्य घोषित केले गेले आणि १२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्यांना संतपद दिले. त्यानंतर १६२४ साली देह बॉम जिझसमध्ये आला.

समाधी तीन स्तरांची आहे. सर्वांत वर चांदीची पेटी. इटालियन येशूसंघीय मार्चेल्लो मास्त्रिल्ली यांच्या प्रेरणेने १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी ती घडविली. तिच्यावर संतांच्या जीवनातील ३२ प्रसंग दोन ओळींत कोरलेले आहेत. पेटीखालील संगमरवरी व जास्पर दगडाची समाधी ही इटलीतील टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याची भेट. संतांच्या मस्तकाखाली असलेली उशी त्याला देण्यात आली होती. तिच्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून ही समाधी करवून घेतली. कामास दहा वर्षे लागली. सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ साली ते येथे जोडण्यात आले. चारही बाजूंना ब्राँझचे एकेक चित्रफलक आहेत. त्यांत प्रवचन, बाप्तिस्मा, मोलुक्का भागातील संकट आणि सान्सियन बेटावरील मृत्यू हे प्रसंग दिसतात. गर्दीमुळे थांबणे कठीण असते, तरी मृत्यूचा फलक अवश्य पाहावा. ज्याच्यासाठी आज लाखो लोक रांगेत उभे राहतात, तो समुद्राकाठी जवळजवळ एकटाच मेला.

इ. स. १६८३

मराठी माणसाच्या इतिहासाशी या समाधीचा एक प्रसंग जोडला गेला आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि नगराजवळील जुवें बेटावरचा किल्ला घेतला. तो परत घेण्यासाठी गेलेला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरा जखमी होऊन परतला. राजधानी पडते की काय, अशी स्थिती होती. तेव्हा व्हाइसरॉय बॉम जिझसमध्ये आला आणि आपला अधिकारदंड संतांच्या चरणी ठेवून त्याने नगराच्या रक्षणाची याचना केली. पुढे मराठी फौज मागे फिरली. भाविकांनी त्यात संतांची कृपा पाहिली. इतिहासकार त्या वेळी मोगल शाहजादा शाह आलम याची मोठी फौज कोकणात उतरत होती, याकडे लक्ष वेधतात. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सैन्याच्या जयपराजयात संतांना बाजू घ्यावयास लावणे हे त्या काळच्या राज्यकर्त्यांचे चिंतन होते. आज त्याच समाधीपुढे मराठी यात्रेकरू मेणबत्ती लावतो, यात अधिक मोठी कृपा आहे.

शवप्रदर्शन : श्रद्धा आणि सत्य

१७५९ साली पोर्तुगालच्या सरकारने येशूसंघाला आपल्या साऱ्या मुलुखांतून हद्दपार केले. त्यानंतर अफवा पसरली की जाताना येशूसंघीयांनी संतांचा देह बरोबर नेला आणि पेटीत दुसराच कोणी ठेवला. ही अफवा खोडून काढण्यासाठी फेब्रुवारी १७८२ मध्ये पहिले सार्वजनिक शवप्रदर्शन झाले. म्हणजे ज्या सोहळ्याला आपण भक्तीचा सोहळा म्हणून ओळखतो त्याचा आरंभ सत्य उघड करण्यासाठी झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दर दहा वर्षांनी हा सोहळा होतो. १९६४, १९७४, १९८४, १९९४, २००४ आणि २०१४ नंतरचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. या काळात पवित्र अवशेष बॉम जिझसमधून समोरच्या से कॅथीड्रलमध्ये नेले जातात, जेणेकरून मोठ्या जनसमुदायाला दर्शन घेता यावे.

देहाबद्दलही स्पष्ट बोलणे बरे. साडेचार शतकांहून अधिक काळ लोटला आहे. अवशेष काढून नेले गेले, देह अनेकदा हलविला गेला आणि काळाने आपले काम केले. आज काचेच्या पेटीत जे दिसते ते वाळलेले, झिजलेले अवशेष आहेत. देह अविकृत राहणे ही संतपदाची अट नाही आणि श्रद्धेचा आधारही नाही. आपण त्या देहाचा मान राखतो तो या कारणासाठी की तो देह पवित्र आत्म्याचे मंदिर होता. ते हात बाप्तिस्मा देता देता थकले होते आणि ते पाय हजारो कोस चालले होते.

गिलाव्याचा प्रश्न

आता त्या गंभीर प्रश्नाकडे वळू. बॉम जिझसचे जे तांबूस रूप साऱ्या जगाला ठाऊक आहे ते मूळचे नाही. मंदिराच्या भिंतींना बाहेरून चुन्याचा गिलावा होता. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत तो दिसतो. गोव्यातील इतर जुनी मंदिरे आजही पांढरीशुभ्र आहेत, तसेच हेही होते. १९५२ साली संतांच्या निधनास चारशे वर्षे पूर्ण होत होती. त्या सुमारास पोर्तुगालहून आलेले वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या सूचनेवरून गिलावा खरवडून काढण्यात आला. दगड उघडा दिसला म्हणजे वास्तू अधिक प्राचीन आणि भारदस्त दिसते, ही त्या काळातील एक समजूत होती.

पोर्तुगालच्या हवेत आणि पोर्तुगालच्या दगडाला हे कदाचित चालले असते. गोव्यात वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस पडतो आणि भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा पाणी शोषतो. वर्षानुवर्षे पावसाचा मारा बसला की त्यातील मऊ भाग धुपून जातो, दगडाला खळगे पडतात, त्यांत शेवाळ धरते आणि ओल आत उतरते. चुन्याचा गिलावा हे त्या दगडाचे कातडे होते. तो भिंतीचे पावसापासून रक्षण करी आणि आतील ओल बाहेरही पडू देई. बांधणाऱ्यांनी तो शोभेसाठी लावलेला नव्हता.

२०२० साली पावसाच्या तोंडावर छताच्या दुरुस्तीवरून चिंता व्यक्त झाली आणि गिलाव्याचा प्रश्नही पुन्हा पुढे आला. मंदिर पुन्हा गिलाव्याने झाकावे, असे मंदिराची काळजी वाहणाऱ्यांनी आणि जतनतज्ज्ञांपैकी अनेकांनी म्हटले आहे. त्याला विरोधही आहे आणि तोही केवळ हट्टाचा नाही. सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्यांनी हेच तांबूस रूप पाहिले, ते त्यांच्या मनात ठसले. १९८६ साली जुन्या गोव्यातील मंदिरांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले तेव्हाही बॉम जिझस याच रूपात होते. शिवाय नवा गिलावा चुकीचा झाला, चुन्याऐवजी सिमेंटचा झाला, तर ओल आत कोंडून भिंतीचे आणखी नुकसान होईल. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असल्याने निर्णयाचा अधिकारही एकट्या ख्रिस्तसभेकडे नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर असे वाटते की प्रश्न रंगाचा नसून आयुष्याचा आहे. आपल्याला जे रूप आवडते ते टिकविताना वास्तूच गमावली तर पुढच्या पिढीला आपण काय देणार? योग्य परीक्षा करून, पारंपरिक चुन्याच्या पद्धतीने, थोड्या भागावर प्रयोग करून पाहून मंदिराला त्याचे कवच परत द्यावे, हे अधिक सुज्ञपणाचे वाटते.

जपणूक न झाल्यास काय होते, याचे उत्तर समोरच्याच टेकडीवर आहे. संत ऑगस्टीन यांचे मंदिर १६०२ च्या सुमारास उभे राहिले आणि गोव्यातील सर्वांत भव्य मंदिरांत त्याची गणना होई. १८३५ साली धर्मसंघांवर बंदी आली, मठ ओस पडला आणि १८४२ साली छताची कमान कोसळली. पुढे १९३१ साली दर्शनी भागही ढासळला. आज सुमारे १५० फूट उंचीच्या एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. जे मंदिर भाविक सोडून देतात ते मंदिर पाऊस सोडत नाही.

आपल्या घरच्या मंदिरांसाठी

ही गोष्ट केवळ गोव्याची नाही. पुण्यात नाना पेठेतील निष्कलंक मरियेचे मंदिर, ज्याला आपण सिटी चर्च म्हणतो, ते सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी १७९२ साली दिलेल्या जागेवर आहे. पुण्याच्याच सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे छत १९८४ साली कोसळले आणि ते नव्याने उभारावे लागले. खेडोपाडीच्या धर्मग्रामांत त्याहून लहान, पण लोकांच्या घामाने उभी राहिलेली मंदिरे आहेत. सण जवळ आला की आपण उत्साहाने जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापतो, तेलरंग फासतो, जुनी कौले काढून पत्रे टाकतो आणि कोरीव लाकडी वेदी अडगळीत टाकून चकचकीत फरशीची वेदी करतो. हेतू चांगला असतो, परंतु भिंत आतून सडू लागते आणि पूर्वजांची खूण नाहीशी होते. पावसाळ्यापूर्वी छप्पर तपासणे, पन्हळी साफ ठेवणे, भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच काढणे आणि मोठ्या दुरुस्तीपूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे एवढे जरी प्रत्येक धर्मग्राम समितीने केले, तरी पुष्कळ साधेल.

यात्रेस जाणाऱ्यांसाठी

जुने गोवे पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक तेथून जवळ आहे. सणाच्या दिवसांत गर्दी फार असते. वृद्ध आणि आजारी माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी शक्यतो इतर दिवस निवडावेत. संतांची कृपा ३ डिसेंबरपुरती मर्यादित नाही. मंदिरात साधा, शालीन पोशाख असावा. मोबाईल बंद ठेवावा. भिंतीला, खांबांना हात लावणे, त्यांवर नावे लिहिणे, मेण सांडणे कटाक्षाने टाळावे. वर सांगितलेला जांभा आणि चारशे वर्षांचे लाकूड हाताच्या घामानेही झिजते. प्रथम ख्रिस्तशरीराची आराधना, मग समाधीचे दर्शन, मग शक्य असल्यास पापनिवेदन आणि मिस्साबलिदान, असा क्रम ठेवल्यास यात्रा सहल होणार नाही.

१९४६ साली या मंदिराला महामंदिराचा दर्जा मिळाला. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतांच्या समाधीपुढे प्रार्थना केली. परंतु या मंदिराचा खरा मान रोज सकाळी तेथे गुडघे टेकणाऱ्या सामान्य माणसांनी राखला आहे. नगर गेले, राज्य गेले, वखारी गेल्या. मंदिर राहिले, कारण तेथे प्रार्थना थांबली नाही. ती पुढेही चालावी आणि तिच्यावरचे छप्परही शाबूत राहावे, हे पाहणे आपले काम आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीने प्रभू आपल्याला ती जाण आणि ते बळ देवो.